वाचकाच्या शंका आणि निबंधाची बांधणी

निबंध कसा लिहावा या प्रश्नाला आपल्याकडे शाळेपासून एकच उत्तर मिळते. आधी प्रस्तावना, मग मुद्दे, शेवटी समारोप. हेच उत्तर महाविद्यालयात मिळते आणि पुढे स्पर्धा परीक्षेच्या शिकवणीतही मिळते. तिथे फक्त प्रस्तावनेला सुभाषित आणि समारोपाला एखाद्या थोर माणसाचे वचन जोडले जाते. या साच्यातून आपण मुलांना निबंधातल्या जागा शिकवतो. कुठे काय भरायचे ते त्यांना कळते, पण ते तिथेच का यावे हे कळत नाही. वैचारिक निबंधातल्या परिच्छेदांचा क्रम वाचकाच्या शंकांनी ठरतो, असे मला वाटते. तुम्ही एक विधान केले की समंजस वाचकाच्या मनात एक हरकत उभी राहते. पुढचा परिच्छेद तिला उत्तर देतो, त्या उत्तरातून दुसरी हरकत निघते. या हरकती लिहायला बसण्याआधी ओळखणे आणि ओळीने लावणे, एवढेच आराखड्याचे काम. बाकीच्या गोष्टी, सुरुवात कशी करावी, शेवट कसा करावा, भाषा कशी असावी, या त्यानंतरच्या.

निबंधाची कोणतीही वही उघडा. विषय असतो ‘पाणी हेच जीवन’. पहिल्या परिच्छेदात पाण्याची थोरवी, दुसऱ्यात पाण्याचे उपयोग, तिसऱ्यात टंचाईची कारणे म्हणजे वाढती लोकसंख्या आणि वृक्षतोड, चौथ्यात उपाय, आणि शेवटी थेंब न थेंब वाचवण्याची शपथ. अक्षर सुवाच्य, शुद्धलेखन ठीक, गुणही बरे. आता दुसरा आणि तिसरा परिच्छेद यांची अदलाबदल करून पाहा. काहीही बिघडत नाही. चौथा परिच्छेद सर्वांत आधी आणला तरी फार तर एखादे ‘म्हणून’ खोडावे लागेल. ज्या लेखनातले परिच्छेद असे हवे तसे हलवता येतात त्याला बांधणी नाही. ती मुद्द्यांची यादी आहे, प्रत्येक मुद्द्याला चार-पाच वाक्यांची शेपटी लावलेली.

यात मुलाचा दोष नाही. त्याला दिलेल्या विषयातच वाद घालायला जागा ठेवलेली नाही. पाणी हेच जीवन, हे नाकारणारा माणूस जगात नाही. ज्याला कोणी नाकारणार नाही त्याला पुरावा लागत नाही, आणि जिथे पुरावा लागत नाही तिथे क्रमही लागत नाही. वृक्षारोपणाचे महत्त्व, वाचनाचे महत्त्व, वेळेचे महत्त्व: आपल्या विषयांच्या यादीतले कितीतरी विषय अशा सर्वमान्य गोष्टींचे असतात आणि मग आपणच म्हणतो की मुलांना विचार मांडता येत नाहीत.

हाच पाण्याचा विषय घेऊन आराखडा कसा करावा ते पाहू. पहिली पायरी म्हणजे विषयातला प्रश्न शोधणे. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या आणि तिच्यातून साधारण पाच लाख लिटर पाणी गेले. ज्या मराठवाड्यात ही वेळ आली तिथेच उसाचे फड उभे होते आणि साखर कारखाने चालू होते. ऊस हे बारा ते अठरा महिन्यांचे आणि भरपूर पाणी पिणारे पीक. मग प्रश्न असा: पिण्याला पाणी नसलेल्या भागात शेतकरी ऊसच का लावतो? आता विषयाला धार आली. या प्रश्नाची एकाहून अधिक उत्तरे संभवतात आणि ती एकमेकांशी भांडतात.

दुसरी पायरी, आपले उत्तर एका वाक्यात लिहिणे. समजा माझे उत्तर असे: उसाला ग्राहकाची जशी हमी आहे तशी दुसऱ्या पिकाला मिळत नाही तोवर मराठवाड्यातला ऊस कमी होणार नाही. हे वाक्य लिहायला कधी दहा मिनिटे लागतात, कधी चार दिवस. ते सुचेपर्यंत कागदावर वाटेल तसे लिहावे, खोडावे, कोणाशी तरी बोलावे. पण ते हाती येण्याआधी निबंध लिहायला घेऊ नये. निबंध फसतो तो बहुतेक वेळा इथे. लेखकाला आपले म्हणणे काय हे तिसऱ्या पानावर कळते आणि पहिली दोन पाने तशीच राहतात.

तिसऱ्या पायरीवर हे वाक्य अशा माणसासमोर ठेवायचे ज्याला ते पटलेले नाही. तो पहिल्यांदा काय म्हणेल? बहुधा असे की शेतकऱ्याला हाव सुटली आहे, पैशासाठी तो पाणी उपसतो. म्हणजे माझा पहिला परिच्छेद पाण्याच्या थोरवीचा असून चालणार नाही, तो शेतकऱ्याच्या हिशेबाचा हवा. उसाला केंद्र सरकार किमान दर ठरवून देते. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे कारखान्याने ऊस घेतल्यावर चौदा दिवसांत पैसे द्यायचे असतात. कारखाने पुष्कळदा ते थकवतात, पण ऊस नेतात. गारपिटीत द्राक्षाची बाग एका संध्याकाळी जाते, ऊस सहसा तसा जात नाही. हे सारे पाहिले की शेतकऱ्याचा निर्णय हावेचा वाटत नाही, धोका टाळण्याचा वाटतो.

ऐकणारा लगेच म्हणेल, हमीभाव तर तुरीलाही आहे, सोयाबीनलाही आहे. ही दुसरी हरकत, आणि ती मोलाची आहे, कारण माझ्या विधानाचा कणा ती तपासते. इथे २०१७ सालची तूर आणावी लागेल. दुष्काळानंतर पाऊस चांगला झाला, लोकांनी तूर मोठ्या प्रमाणात लावली, पीक भरघोस आले आणि भाव कोसळला. हमीभाव क्विंटलला ५,०५० रुपये होता. बाजारात त्याहून बऱ्याच कमी भावाने तूर विकावी लागली. खरेदी केंद्रांबाहेर ट्रॅक्टरच्या रांगा लागल्या, बारदाना संपला म्हणून खरेदी थांबली. जाहीर झालेला भाव आणि घेणारा हजर असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे या एका हंगामाने दाखवले. निबंधातला सर्वांत मोठा परिच्छेद हा होणार, कारण सगळा भार याच्यावर आहे. चारही परिच्छेद सारख्या लांबीचे असावेत हा शाळेतला संकेत इथे सोडून द्यावा. ज्या हरकतीत दम आहे तिला जागा जास्त, जी एका वाक्यात मिटते तिला एकच वाक्य.

तिसरी हरकत: मग ठिबक सक्तीचे करा, ऊसही राहील आणि पाणीही वाचेल. तिला उत्तर असे की वाचलेले पाणी जमिनीत पडून राहत नाही. ते त्याच शेतकऱ्याच्या किंवा शेजाऱ्याच्या आणखी एकरभर उसाला जाऊ शकते. चौथी: थेट बंदी घाला. बंदी घातली तर कारखान्यावर चालणारे गाव, ऊसतोडीवर जगणारी कुटुंबे आणि कर्ज दिलेल्या बँका यांचे काय, हा प्रश्न येतो आणि तिथे माझे विधान पुन्हा पुढे सरकते: आधी दुसऱ्या पिकाच्या खरेदीची व्यवस्था, मग उसावर मर्यादा. आराखडा इथे संपला. त्यात वृक्षतोड आली नाही, लोकसंख्या आली नाही, पाणी अडवणारी राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार ही गावे आली नाहीत. ते विषय लहान आहेत म्हणून नव्हे, माझ्या प्रश्नावर वाचकाला ज्या शंका आल्या त्यांत ते नव्हते म्हणून. काय वगळायचे हे ठरवायला याहून सोपी कसोटी मला माहीत नाही.

आता या आराखड्यातला कोणताही परिच्छेद हलवून पाहा. तुरीची गोष्ट हमीच्या हिशेबाआधी आणली तर ती कशासाठी सांगितली हे कळत नाही. बंदीचा मुद्दा आधी आणला तर वाचक शेतकऱ्याकडे गुन्हेगार म्हणूनच पाहत राहतो. क्रम आतून बांधला गेला आहे.

ही रीत परकी नाही. आपल्याकडच्या शास्त्रचर्चेचा तो पाया आहे. मीमांसकांच्या अधिकरणाची, म्हणजे एकेका प्रश्नावरच्या चर्चेची, पाच अंगे सांगितली जातात: विषय, संशय, पूर्वपक्ष, उत्तरपक्ष आणि निर्णय. त्यात संशय दुसऱ्याच क्रमांकावर आहे, आणि स्वतःचे म्हणणे मांडण्याआधी विरोधकाचे म्हणणे पूर्ण ताकदीने मांडणे बंधनकारक आहे. पूर्वपक्ष दुबळा करून मांडला तर उत्तरपक्षाला किंमत राहत नाही हे त्या लोकांना पक्के ठाऊक होते. आज आपण निबंधात ‘काही लोक असे म्हणतात’ असे एक वाक्य टाकतो आणि पुढच्या ओळीत त्याला झटकून टाकतो. ज्याला झटकले त्याने तो परिच्छेद वाचला तर तो म्हणेल, मी असे म्हटलेच नव्हते. पूर्वपक्ष विरोधकाला स्वतःचा वाटला पाहिजे. नियोजनाच्या वेळी यावर जेवढा वेळ जाईल तेवढा कमीच.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाच्या अधिवेशनासाठी भाषण लिहिले. मंडळाला त्यातला मजकूर पेलला नाही, अधिवेशन झाले नाही आणि बाबासाहेबांनी ते भाषण स्वतः छापले. मूळ इंग्रजी, पण मराठीत त्याची भाषांतरे सहज मिळतात. निबंधाची बांधणी शिकायची असेल तर ते पेन्सिल हातात घेऊन वाचावे. सुरुवातीलाच ते दोन प्रकारच्या वाचकांना भेटतात: आधी राजकीय सुधारणा, सामाजिक नंतर, असे म्हणणारे, आणि आधी आर्थिक क्रांती, जात आपोआप जाईल, असे म्हणणारे समाजवादी. या दोघांना उत्तर दिल्याशिवाय जातीवर बोलण्यात अर्थ नाही, कारण दोघेही ‘आत्ता कशाला?’ असे विचारून उठून जाणारे आहेत. नंतर जातीचे समर्थन करणारे येतात. जात म्हणजे श्रमविभागणी, असे ते म्हणतात. बाबासाहेब दाखवतात की ही नुसती श्रमाची नव्हे, श्रमिकांचीही विभागणी आहे. वंशशुद्धीचा दावा त्यानंतर येतो आणि त्यालाही उत्तर मिळते.

उत्तरार्धातली बांधणी तर फारच बारकाईने पाहण्यासारखी आहे. जात मोडायची कशी? आधी पोटजाती मोडा, असा एक उपाय सुचवला जातो. तो ते तपासून बाजूला ठेवतात. सहभोजने करा, हा दुसरा. तोही पुरेसा ठरत नाही. आंतरजातीय विवाह हा खरा उपाय, असे ते म्हणतात आणि इथे साधा लेखक थांबला असता, समारोप केला असता. बाबासाहेब पुढचा प्रश्न विचारतात: मग बहुसंख्य हिंदू हे का करत नाहीत? आणि उत्तर येते की शास्त्रांच्या पावित्र्यावरचा विश्वास त्यांना करू देत नाही. त्या विश्वासावर घाव घातल्याशिवाय रोटी-बेटीचे व्यवहार होणार नाहीत. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीच्या अपुरेपणातून निघते. सहभोजनाचा परिच्छेद विवाहाच्या नंतर ठेवून बघा, सगळे कोसळते. पुढे १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये केलेली टीका आणि तिला आपले उत्तर, दोन्ही पुस्तकातच छापले. पूर्वपक्षाला याहून मोठा मान कोणता द्यायचा?

लिहून झालेला निबंध तपासायचा कसा, याचीही एक तयार कसोटी आपल्याकडे आहे आणि ती निबंधलेखनासाठी फारशी कोणी वापरत नाही याचे मला वाईट वाटते. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात ‘गीतारहस्य’ लिहिले. ते १९१५ साली प्रसिद्ध झाले. पहिल्याच प्रकरणात ते विचारतात की एखाद्या ग्रंथाचे तात्पर्य ठरवायचे कसे, आणि मीमांसकांच्या खुणा पुढे ठेवतात: उपक्रम, उपसंहार, अभ्यास, अपूर्वता, फल, अर्थवाद आणि उपपत्ती. गीतेच्या आरंभी अर्जुन लढायला नकार देतो आणि शेवटी लढायला उभा राहतो. मग मधली सगळी गीता संन्यास सांगणारी कशी असेल, हा त्यांचा युक्तिवाद या खुणांवरच उभा आहे.

या खुणा वाचकासाठी आहेत. लेखकाने त्या उलट्या बाजूने वापराव्यात. उपक्रम आणि उपसंहार म्हणजे आरंभ आणि शेवट. पहिला आणि शेवटचा परिच्छेद शेजारी ठेवून वाचावेत; पहिल्यात जो प्रश्न उठला त्यालाच शेवटी उत्तर मिळाले का? ऊस विचारला आणि उत्तर पावसाचे आले, असे नको. अभ्यास म्हणजे पुनरुक्ती. निबंधात पुन्हा पुन्हा काय येते ते पाहावे. आपल्या उदाहरणात ‘हमी’ ही कल्पना प्रत्येक वळणावर यायला हवी, आणि जर ‘दुष्काळ’ हीच जास्त वेळा येत असेल तर लेखकाचे लक्ष ढळले आहे. अपूर्वता: वाचकाला आधी माहीत नसलेले एक तरी वाक्य यात आहे का? नसेल तर निबंध फाडून टाकायला हरकत नाही. फल म्हणजे वाचून झाल्यावर वाचकाने काय मानायचे किंवा करायचे. उपपत्ती म्हणजे कारणे. आणि अर्थवाद म्हणजे स्तुती, निंदा, गोष्टी, दृष्टान्त, जे मूळ म्हणण्याला उठाव देतात पण स्वतः म्हणणे नसतात. लातूरची पाण्याची रेल्वे हा अर्थवाद आहे. ती वाचकाला बसवून ठेवते, सिद्ध काही करत नाही. नवे लेखक इथेच अडकतात; हृदयस्पर्शी प्रसंगाला ते पुरावा समजतात आणि खरा पुरावा, तो बारदाना संपलेला तुरीचा हंगाम, दोन ओळींत उरकतात.

प्रस्तावनेबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. ती शेवटी लिहावी. आराखडा झाला, मधले लिहून झाले की वाचकाला कुठून आत आणायचे ते आपोआप कळते. मराठीतल्या जुन्या निबंधकारांना तर मथळ्यातच आत आणता येई. टिळकांचा १८९७ चा ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ हा अग्रलेख घ्या, किंवा आगरकरांचा ‘आमचे काय होणार?’ हा निबंध. मथळा म्हणजेच प्रश्न. चिपळूणकरांच्या ‘निबंधमाले’तले मथळे उलट बहुधा साधे विषयवाचक असत, ‘इतिहास’, ‘वक्तृत्व’, ‘लोकभ्रम’ असे. पण १८७४ पासून सात वर्षे चाललेल्या त्या मासिकात शास्त्रीबोवा प्रत्येक विषयात भांडायला कोणीतरी शोधत आणि म्हणूनच ते निबंध आजही जिवंत वाटतात, त्यांची मते आपल्याला मान्य नसली तरी.

ललित निबंधाला हे सगळे लागू नाही. फडके, काणेकर यांचे लघुनिबंध किंवा दुर्गाबाई भागवतांचे ‘ऋतुचक्र’ यांची वीण वेगळी. तिथे मनाच्या ओघाने क्रम लागतो आणि तसाच लागावा.

शिक्षकांची हरकत मात्र गंभीर आहे आणि ती मी अनेकांकडून ऐकली आहे. वर्गात साठ मुले असतात. त्यांतल्या निम्म्यांना सलग परिच्छेद लिहिता येत नाही. साचा दिला की निदान पानभर लिहून होते, कच्च्या मुलाला आधार मिळतो. तुम्ही तोही काढून घेता. ही हरकत खरी आहे. पण कच्च्या मुलाला आधार हवा तो रिकाम्या चौकटीचा की बोलण्याचा? याच वर्गात मधल्या सुट्टीत मुले कशी भांडतात ते ऐका. कबड्डीत कोण बाद झाला यावर एक मुलगा म्हणतो, रेषेला पाय लागला. दुसरा म्हणतो, लागला पण त्याआधीच श्वास सुटला होता. तिसरा साक्षीदार आणतो. विधान, हरकत, उत्तर, पुरावा, सगळे त्यांना येते. कागदावर आले की आपण त्यांना ‘प्रस्तावना’ लिहायला लावतो आणि येत असलेले विसरायला लावतो. शिवाय साच्यात भरलेला निबंध आता संगणक काही सेकंदांत लिहून देतो. त्या कौशल्यासाठी मुलाची दहा वर्षे घालवणे अन्यायाचे आहे.

परीक्षेत वेळ नसतो, हेही ऐकू येते. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत निबंधाची एक प्रश्नपत्रिका २५० गुणांची असते. तीन तासांत हजार ते बाराशे शब्दांचे दोन निबंध लिहायचे असतात, आणि ते मराठीतही लिहिता येतात. म्हणजे एका निबंधाला दीड तास. त्यातली पहिली पंचवीस-तीस मिनिटे प्रश्न, उत्तराचे एक वाक्य आणि हरकतींची यादी यांवर घालवली तरी लिहायला तास उरतो. विषय कितीही मोघम आला तरी त्यात कोण कोणाशी सहमत होणार नाही, हे शोधता येते. ते सापडले की लेखणी अडत नाही. जो विद्यार्थी पहिल्याच मिनिटाला सुभाषित लिहायला घेतो तो चाळिसाव्या मिनिटाला मुद्दे संपल्यामुळे थांबतो.

मराठी शिकवणाऱ्या सर्वांना म्हणूनच माझी एक विनंती आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या निबंधाला फळ्यावर विषय लिहू नका, प्रश्न लिहा, आणि तो तुमच्या गावचा असू द्या: आठवडी बाजार हलवावा का, गावात नवी विंधन विहीर घ्यावी का, यात्रेचा खर्च शाळेला द्यावा का. पहिल्या तासिकेला मुलांकडून फक्त तीन ओळी घ्या: माझे म्हणणे काय, ते कोणाला पटणार नाही, आणि तो काय म्हणेल. दुसऱ्या तासिकेला निबंध लिहू द्या. गुण देताना प्रस्तावना आणि समारोप यांचे गुण वेगळे काढू नका; तिसऱ्या ओळीतल्या माणसाला मुलाने उत्तर दिले आहे का, एवढे पाहा आणि त्याचे गुण द्या.